पट्टी नाही, तर मळणी नाही



या जिल्हा बैठकीपुढे आम्ही जो विषय मांडतो आहोत तो भावाचा नाही, कर्जाचा नाही, विजेच्या बिलाचाही नाही. विषय रक्ताचा आहे. रक्त सांडण्याची भाषा व्यासपीठावरून पुष्कळ झाली. आम्ही बोलतो आहोत ते खरोखरच्या रक्ताबद्दल. हडंब्यात हात गेला, कडबाकुट्टीच्या पात्याखाली मनगट आले, कुऱ्हाड निसटून पोटरीत बसली, म्हणजे जे धार लावून वाहते त्या रक्ताबद्दल.

विषय आत्ताच काढण्याचे कारण असे की, तीन तालुक्यांकडून प्रत्येक मळणी यंत्रामागे एक 'प्रथमोपचार पेटी' घ्यावी असा ठराव आला आहे. ठरावामागची भावना चांगली आहे. पण पेटी विकणाऱ्याने नमुना म्हणून दिलेली पेटी आम्ही उघडून, एकेक वस्तू सतरंजीवर मांडून पाहिली. या पेटीला आमचा विरोध आहे. तो का, हे सविस्तर सांगतो.

पेटी होती

गेल्या रब्बीच्या मळणीत, फाल्गुनात, आमच्यातले काहीजण एका खळ्यावर हजर होते. संध्याकाळ झालेली, ज्वारीची कणसे संपत आलेली, यंत्रवाल्याला दुसऱ्या गावची घाई. कणसे आत लोटणारा गडी थकलेला. दोन एकरांचा खातेदार, पण पोट भरायला दुसऱ्याच्या खळ्यावर मजुरी करणारा. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत आत ओढला गेला.

ट्रॅक्टर बंद करून, पट्टा उतरवून हात बाहेर काढला. मग काय झाले? जे आपल्या प्रत्येक गावात होते तेच झाले. एकाने धावत जाऊन हळद आणली. दुसऱ्याने जखमेवर डिझेल ओतले. तिसऱ्याने घरातल्या गंजीतला मूठभर कापूस आणून कोंबला. चौथ्याने सुतळी घेऊन दंडाला करकचून बांधली, आणि रक्त थांबायच्या ऐवजी वाढले. पाचवा फोन लावत राहिला. कोणी पाणी पाजले. शेवटी ट्रॉलीत टाकून पांदण रस्त्याने निघालो. डांबरी सडक लागेपर्यंत तो आमच्याशी बोलत होता. दवाखान्याच्या दारात तो बोलत नव्हता.

आणि ऐका, त्या ट्रॅक्टरच्या अवजारांच्या खणात प्रथमोपचाराची पेटी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही ती उघडली. आत बोटाला लावायच्या चिकटपट्ट्या, लाल औषधाची सुकलेली बाटली, कापसाची गुंडाळी, डोकेदुखीच्या गोळ्या आणि एक छोटी कात्री. कात्रीने लुगड्याचा काठसुद्धा कापला गेला नसता.

म्हणजे पेटी नव्हती म्हणून माणूस गेला, असे आम्हाला म्हणता येत नाही. पेटी होती. कामाची वस्तू नव्हती. आणि त्याहून कडू गोष्ट अशी की तिथे उभ्या असलेल्या पंधरा-वीस माणसांच्या तीस-चाळीस हातांना काय करायचे ते ठाऊक नव्हते. त्या हातांत आमचेही हात होते.

बैल गेला अन् झोपा केला

पुढे त्याच्या बायकोसाठी सरकारी अनुदानाचे कागद जमवताना आमच्यातल्या दोघांनी तहसीलच्या चार खेपा घातल्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत शेतकरी मेला तर दोन लाख, दोन अवयव गेले तर दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख, असा दर ठरलेला आहे. मिळतो तो पैसा घरच्यांनी जरूर घ्यावा. तो त्यांच्या हक्काचा आहे.

पण हिशोब बघा. मेलेल्या शेतकऱ्याचे दोन लाख. जिवंत शेतकऱ्याचे रक्त थांबवायला लागणारी काही हजारांची पिशवी मात्र कोणत्याच कागदात नाही. कारखान्यात दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी हवी, आणि ती सांभाळणारा शिकलेला माणूस हवा, हे १९४८ सालीच कायद्याने लिहून ठेवले होते. मळणी यंत्रासारख्या धोकादायक यंत्रांसाठी संसदेने १९८३ साली वेगळा कायदा केला. त्यात अपघातानंतरच्या भरपाईची तरतूद आहे. त्या कायद्याचे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे, हात वर करा. खळ्यावर तो कधी उतरलाच नाही.

सरकारला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. दवाखाना, डॉक्टर, रस्ता ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती आपण मागतच राहू. परंतु रक्त जाते ती पहिली दहा मिनिटे कोणत्याही सरकारच्या ताब्यात नसतात. ती खळ्यावरच्या माणसांच्या ताब्यात असतात. त्या दहा मिनिटांपुरते सरकार म्हणजे आपणच.

वेळ किती आहे?

धडधाकट माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले दोन लिटर गेले की जीव वाचवणे मोठ्या दवाखान्यातही अवघड होते. मांडीची किंवा दंडाची मोठी धमनी पुरती तुटली तर एवढे रक्त जायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. शिवाय आपली काळी माती रक्त पिऊन टाकते. फरशीवर सांडलेले रक्त दिसते, खळ्यावरचे दिसत नाही. म्हणून बघणारे म्हणतात, "फार नाही गेले."

राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ साली सुरू झाली. तिने पुष्कळ जीव वाचवले, आणि पहिला फोन तिलाच लावला पाहिजे. पण ती गाडी पावसाळ्यात पांदण रस्त्याने येत नाही, आणि उन्हाळ्यात आली तरी पाच मिनिटांत येत नाही.

अमेरिकेसारख्या देशात, जिथे गाडी काही मिनिटांत दारात उभी राहते, तिथेसुद्धा डॉक्टरांनी हे मान्य केले आहे. २०१२ च्या डिसेंबरात तिथल्या एका शाळेत गोळीबार होऊन लहान मुले मारली गेली. त्यानंतर शल्यचिकित्सक एकत्र बसले आणि २०१५ साली सामान्य माणसाला रक्त थांबवायला शिकवण्याची देशभर मोहीम सुरू झाली. त्यांचे म्हणणे एवढेच, की जवळ उभा असलेला माणूस हाच पहिला डॉक्टर. गाडी दारात येणाऱ्यांना हे पटले. ज्यांच्याकडे गाडी पोचतच नाही, त्या आपल्याला पटायला काय हरकत आहे?

पेटीत जे आहे ते का नको

नमुन्याच्या पेटीत चाळीसच्या वर नग आहेत असे विकणारा अभिमानाने सांगतो. आम्ही मोजले, खरेच आहेत. त्यात तीस चिकटपट्ट्या आहेत! नग वाढवायचा हा सोपा मार्ग. उरलेल्यात जंतुनाशकाची बाटली, मलम, दुखण्यावरचा फवारा, कापूस आणि दोन बोटे रुंदीची पातळ पट्टी.

विळा लागला, सराटा रुतला, बोट सोलले, त्याला या वस्तू ठीक आहेत. त्याला आपल्या बांधावरचा एकदांडीचा पाला चोळतात, घरची हळद लावतात. तेवढ्यापुरते चालून जाते. पण धार लागलेल्या रक्ताला ना हळद थांबवत, ना मलम. चुना, राख, तंबाखू, डिझेल यांनी तर जखमेत घाण जाते आणि दाब देण्याची मिनिटे फुकट जातात. वाहत्या पाटाचे पाणी मूठभर माती फेकून अडत नाही. जिथे फुटले तिथेच माती ठासून पाय देऊन उभे राहावे लागते. रक्ताचेही तसेच आहे.

आणि कापूस? आपण कापूस पिकवणारे, आपल्याला ही गोष्ट ठाऊक असायला हवी. वेचून आणलेल्या कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. म्हणून ताज्या कापसाचा बोळा पाण्यावर तरंगतो, लगेच भिजत नाही. दवाखान्याचा कापूस क्षारात उकळून, मेण काढून, पांढरा केलेला असतो. तो रक्त शोषतो खरा, पण नुसता शोषतो. ठासला तर लगदा होतो, दाब धरत नाही आणि त्याचे तंतू जखमेत चिकटून बसतात. खोल जखमेत भरायचे असते ते विणलेले जाळीदार कापड, म्हणजे गॉज. तेही आपल्याच कापसाचे! क्विंटलने विकून ग्रॅमने विकत घ्यायचे, हा आपला जुनाच धंदा आहे. निदान या वेळी घेताना नेमकी वस्तू तरी घेऊ.

मग काय घ्यायचे?

आमचे म्हणणे असे की किरकोळ जखमेची पेटी घरी ठेवा. यंत्राबरोबर फक्त एक लाल पिशवी जाईल, आणि तिच्यात मोजक्याच वस्तू असतील.

पहिली वस्तू, गॉजच्या चार इंच रुंदीच्या, हवाबंद पाकिटातल्या किमान तीन गुंडाळ्या. त्या जखमेत भरण्यासाठी. जांघ, काख, खांदा अशा ठिकाणी, जिथे वर बांधायला जागाच नसते, तिथे हाच उपाय. कपडा कापून जखम उघडी करायची, रक्त नेमके कुठून येते ते बघायचे, गॉजचे टोक बोटाने तिथवर खोल दाबायचे, आणि पोत्यात सरकी दाबून भरतो तसे थरावर थर देत जखम ठासून भरायची. मग दोन्ही तळहात ठेवून, कोपरे ताठ करून, अंगाचा सगळा भार द्यायचा. दहा मिनिटे. मधे उचलून 'थांबले का' म्हणून बघायचे नाही. बघितले की धरलेली गाठ सुटते. गॉज नसेल तर धुतलेले धोतर, दुपट्टा, लुगड्याचा पदर, काहीही चालेल. स्वच्छ असेल तर उत्तम, नसेल तरी दाब महत्त्वाचा. जंतूंवर डॉक्टर उद्या औषध देतील. गेलेले रक्त उद्या परत आणता येत नाही.

दुसरी वस्तू, सहा इंच रुंदीच्या ताणाच्या पट्ट्या, ज्यांना दुकानदार क्रेप बँडेज म्हणतो, दोन. भरलेल्या जखमेवरचा दाब वाटेत टिकावा म्हणून त्या घट्ट गुंडाळायच्या. मानेभोवती मात्र कधीही आवळायचे नाही. तिथे हातानेच दाबून धरायचे. छाती आणि पोटाच्या आत कपडा कोंबायचा नाही. त्या माणसाला तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचे. जखमेत काही रुतलेले असेल तर ते उपसायचे नाही. त्याच्या भोवतीने दाब द्यायचा.

तिसरी वस्तू, आवळपट्टी. तिच्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

बाकीच्या वस्तू छोट्या, पण लागणाऱ्या. जाड कापड कापील अशी मजबूत कात्री. रबरी हातमोज्यांचे दोन जोड, कारण दुसऱ्याच्या रक्तातून कावीळ आणि एड्ससारखे रोग येऊ शकतात. वेळ लिहायला न पुसणारा पेन. आणि दोन स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या. बोट किंवा हात तुटून पडला तर तो स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून एका पिशवीत घालायचा, तोंड बांधायचे, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. तुटलेला भाग थेट बर्फात किंवा पाण्यात टाकला की तो वाया जातो.

घोंगडे पिशवीत नको, ते खळ्यावर असतेच. जखमीला त्यात गुंडाळा, भर उन्हाळा असला तरी. अंग गार पडले की रक्त गोठत नाही. त्याला चहा, पाणी, दारू काही देऊ नका. पुढे भूल द्यावी लागेल.

आवळपट्टी: जिथे नको तिथे बांधतो

सापाने चावले की आपल्याकडे पहिले काम कोणते? दोरी घेऊन पाय करकचून बांधणे. हे चूक आहे. सर्पदंशात कोणतीही आवळपट्टी बांधायची नसते. हात-पाय न हलवता, माणसाला चालू न देता, प्रतिविष असेल त्या दवाखान्यात न्यायचे असते. बांधल्याने विष थांबत नाही, वर पाय मात्र सडतो. आणि जिथे खरोखर बांधायला हवे, हात हडंब्यात चेचला आहे, पाय तुटला आहे, रक्त उसळ्या मारते आहे, तिथे आपण म्हणतो, "बांधू नका, हात कापावा लागेल." जिथे नको तिथे बांधतो, जिथे हवे तिथे सोडतो. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

ही भीती आपल्या मनात आली ती जुन्या शिकवणीतून. आवळपट्टी हा शेवटचा उपाय, आणि ती दर पंधरा-वीस मिनिटांनी सैल करावी, असे पूर्वी शिकवत. आमच्यातही काही शाळेत असताना तेच शिकले. इराक आणि अफगाणिस्तानातल्या लढायांत सैनिकांवर उपचार करताना या शतकाच्या पहिल्या दशकात डॉक्टरांनी हे तपासून पाहिले. अंगातले रक्त संपण्याआधी नीट आवळलेल्या पट्टीने जीव वाचतो, आणि दोन तासांच्या आत ती डॉक्टरांनी काढली तर केवळ पट्टीमुळे हात-पाय सहसा जात नाही, असे दिसले. सैल करत राहिले तर मात्र थोडे थोडे करून सगळे रक्त जाते. म्हणून आता शिकवण बदलली आहे. एकदा आवळली की वाटेत सोडायची नाही. ती डॉक्टरच सोडतील. आपल्याला दवाखान्यात पोचायला दोन तासांच्या वर लागतील, हे आम्हाला माहीत आहे. तरीही सांगतो, बांधा. हात गेलेला माणूस घरी परत येतो.

कशी बांधायची? जखमेच्या वर चार बोटे जागा सोडून. कोपर किंवा गुडघ्याच्या सांध्यावर नाही, सांध्यावर आली तर त्याच्याही वर. रक्ताची धार बंद होईपर्यंत पीळ देत राहायचे. एका पट्टीने थांबले नाही तर तिच्या वर दुसरी. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा पट्टीवर लिहायची. हे फार दुखते. जखमी ओरडेल, शिव्या देईल, सोडा म्हणेल. सोडायचे नाही. ओरडतो आहे म्हणजे जिवंत आहे.

आता त्या खळ्यावर सुतळीने रक्त वाढले का, ते समजून घ्या. अंगात परत जाणारे रक्त वाहून नेणाऱ्या शिरा वरवर असतात आणि त्यांत दाब कमी असतो. बाहेर येणारे रक्त आणणारी धमनी खोल असते, तिच्यात जोर मोठा असतो. बारीक दोरीने शिरा बंद झाल्या, धमनी चालूच राहिली. पाणी येते आहे आणि परत जायची वाट बंद, मग ते जखमेतूनच बाहेर पडणार. म्हणून पट्टी रुंद हवी, किमान दीड इंच, आणि ती नुसती गाठ मारून नव्हे, दांडीने पीळ देऊन आवळायला हवी. गाडीत कडबा भरल्यावर दोरात लाकूड घालून पीळ देतो, तेव्हाच भारा हलायचा थांबतो. तीच युक्ती.

तयार आवळपट्टी हीच, रुंद पट्ट्याला लावलेली दांडी आणि दांडी अडकवायची खाच. अमेरिकन सैन्यात चालणारी अस्सल पट्टी तिकडे तीसेक डॉलरला मिळते, म्हणजे आपले अडीच हजारांच्या वर. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कपाशीचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये धरला, तर एका पट्टीला तीस-पस्तीस किलो कापूस लागतो. महाग आहे, पण यंत्रामागे एक घ्यावी असे आमचे मत आहे. मात्र सावध राहा. तिच्या हुबेहूब नकला बाजारात स्वस्तात येतात आणि जोर लावला की त्यांची दांडी वाकते किंवा मोडते. जी पट्टी ऐन वेळी मोडते ती फुकट मिळाली तरी महाग आहे. घेण्याआधी एकाच्या मांडीवर बांधून पूर्ण पीळ देऊन बघा. ती सरावाची पट्टी म्हणून वेगळी ठेवा आणि जखमीसाठी नवी ठेवा.

अस्सल परवडत नसेल किंवा मिळत नसेल, तर नकलेवर पैसे घालू नका. जाड सुती कापडाची, घडी घातल्यावर तीन बोटे रुंद अशी पट्टी शिवून घ्या, आणि दांडी म्हणून यंत्राचा एक पाना तिच्यासोबत बांधून ठेवा. ती अस्सलइतकी खात्रीची नाही, हे लक्षात असू द्या. पण सुतळीपेक्षा लाख पटीने बरी. दांडी म्हणून तुराटी किंवा पऱ्हाटी चालत नाही, मोडते. तार, दोरी, सुतळी तर नकोच.

रक्त गोठवणारे औषधी गॉजही निघाले आहे. कोणी चिनी मातीच्या जातीची भुकटी लावलेले, कोणी झिंग्याच्या कवचापासून काढलेल्या पदार्थाचे. आपल्या देशातही असे तयार होते. उपयोगी आहे, पण साध्या गॉजच्या कितीतरी पट किंमत आणि मुदत संपली की फेकायचे. आधी साधे गॉज तीन गुंडाळ्या, मग पैसे उरले तर हे. आणि जखमेत ओतायची सुटी भुकटी कोणी विकायला आला तर घेऊ नका. तशी एक भुकटी वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकन सैन्याने वापरली, तिने जखमेत चटके बसत, म्हणून पुढे ती टाकून देऊन गॉज आणावे लागले.

जे म्हणतात ते, आणि आमचे उत्तर

"हात लावला तर पोलीस केस होईल." सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात सांगितले की जखमीवर उपचार करणे हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसांच्या कागदांसाठी ते थांबवता येत नाही. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१६ साली न्यायालयाने आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्याने संरक्षण दिले. खळ्यावरचा जखमी तर आपलाच भाऊबंद. त्याला हात लावायला कोणाची परवानगी हवी?

"खर्च कोण करणार?" यंत्रवाला. तो पोत्यामागे दर घेतो. पिशवी साडेतीन हजारांची धरा आणि हंगामात हजार पोती काढणारे यंत्र धरा. पोत्यामागे साडेतीन रुपये पडतात, तेही पहिल्याच हंगामात. यंत्रवाले आपल्यातलेच आहेत, हप्ते भरून कंटाळलेले आहेत, हे आम्ही जाणतो. हवे तर दरात ते रुपये धरा. आम्ही देऊ. पण पिशवी हवी.

"आधी हात आत जाऊच नये हे बघा." अगदी बरोबर! कणसे लोटायचा पाळणा किमान ९०० मिलिमीटर लांब आणि त्यातला आतला ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे सरकारी मानक आहे. खळ्यावर टेप घेऊन मोजा. दुपट्टा, कडे, सैल बाही काढून ठेवा. दारू प्यालेला माणूस पाळण्याशी उभा करू नका, आणि थकलेला गडी बदला. पण कुंपण घातले म्हणून कोणी राखण सोडत नाही.

"शिकवणार कोण?" तासाभराचे काम आहे. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा, ते आले नाहीत तर रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टरांना विचारा. आणि शिकायला फक्त पुरुष बसवू नका. खळ्यावर, वेचणीत, निंदणात बायांची संख्या जास्त असते. त्या दिवशी खळ्यावर आठ बाया होत्या, प्रत्येकीच्या अंगावर नऊवार कापड होते, आणि एका पदराची रुंद पट्टी पुरली असती. त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. आम्हालाही नाही.

ठराव

म्हणून आमची बैठकीला विनंती आहे की पेटी खरेदीचा ठराव फेटाळावा. पेटी वाटपाचा कार्यक्रम, पुढाऱ्याच्या हस्ते हार आणि फोटो, हे आपल्याला नको. त्याऐवजी तीन गोष्टी ठरवाव्यात.

एक, येत्या मळणीच्या आधी प्रत्येक गावात किमान दहा जण, त्यात निम्म्या बाया, जखम भरणे, दाब देणे आणि आवळपट्टी बांधणे हाताने करून शिकतील. नुसते ऐकून नाही.

दोन, प्रत्येक हडंब्यावर आणि मोठ्या कडबाकुट्टीवर लाल पिशवी डोळ्यांसमोर टांगलेली असेल. अवजारांच्या खणात, ग्रीसच्या डब्याखाली नाही.

तीन, पिशवी नसलेले यंत्र कोणी आपल्या खळ्यावर लावणार नाही. ज्याचे खळे त्याने आधी पिशवी उघडून बघावी, मग कणसे पुढे करावीत. इथे कायदा नको, इन्स्पेक्टर नको. एका गावाने एक दिवस यंत्र परत पाठवले की दुसऱ्या दिवशी पिशवी येते.

तो गडी गेला त्याला आता एक हंगाम होत आला. त्याचा मुलगा या वर्षी त्याच यंत्रावर मजुरीला जाणार आहे, कारण घरात दुसरी मिळकत नाही. त्याला जाऊ नको म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. तो पाळण्याशी उभा राहील तेव्हा यंत्राला लाल पिशवी टांगलेली असेल आणि आजूबाजूच्या हातांना काम ठाऊक असेल, एवढे करणे मात्र आपल्या हाती आहे.

पट्टी नाही, तर मळणी नाही. ठराव मंजूर करा आणि बैठकीतून उठण्याआधी आपापल्या गावातली दहा नावे लिहून द्या.